दारात अडलेल्या ओव्या

आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. जात्यावरच्या शंभरावर ओव्या त्यांना पाठ. २०११ साली ह्यांनी त्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, त्या आता खालच्या खोलीतल्या संगणकावर आहेत. पण हल्ली सासूबाईंची आठवण निसटू लागली आहे. सकाळच्या चहानंतर तासभर त्या एकेका शब्दाचा अर्थ नीट सांगतात. दुपारी विचारावं, तर माझ्याकडेच परक्यासारख्या बघतात. म्हणून ठरवलं, मी त्यांच्यापाशी बसून अर्थ टिपायचे आणि सूनबाईने वरच्या खोलीत ते लगेच ओव्यांशी जुळवून लावायचे.

पण खालचा संगणक विंडोजचा आणि सूनबाईचा मॅक. एकाच वायफायवर असून एकमेकांना ओळख देतील तर शपथ! पेनड्राइव्ह घेऊन जिना चढण्या-उतरण्यात माझ्या दोन सकाळी गेल्या. गुडघे बोलू लागले ते वेगळंच.

शेजारचा मुलगा म्हणाला, “काकू, फायरवॉल बंद करू आणि जुनं एसएमबी-१ चालू करू.” सूनबाईने त्याला थांबवलं. या जुन्या पद्धतीतल्या दोषाचा फायदा घेऊनच मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला होता. नवी एसएमबी दोन्ही यंत्रांना येते. मॅकने तर २०१३ पासून तीच मुख्य धरली आहे. म्हणजे बोली एकच होती, अडत होतं दुसरीकडेच.

“आई, संदेश काय येतो तो आधी वाचूया,” सूनबाई म्हणाली. “कुठल्या दारात अडलोय ते त्यावरून कळतं.”

पहिला संदेश होता, यंत्रापर्यंत पोचताच येत नाही. खाली पाहिलं तर विंडोजने आमच्या घरच्या वायफायला ‘पब्लिक’ ठरवलेलं! बाजारात बसल्यासारखी त्याने सगळी दारं लावून घेतली होती. तिथे ‘प्रायव्हेट’ केलं, फाइल शेअरिंग चालू केलं. मग मॅकच्या ‘कनेक्ट टू सर्व्हर’मध्ये खालच्या यंत्राचा आयपी पत्ता घातला. हा पत्ता राउटर बंद-चालू केल्यावर बदलू शकतो, तेव्हा कालचा लिहिलेला आज चालेलच असं नाही.

आता नाव आणि पासवर्ड विचारला. मी रोजचा चार आकडी पिन सांगितला. खिडकी नकाराची मान हलवावी तशी हलली. तीनदा! पिन फक्त त्या यंत्रासमोर बसणाऱ्यासाठी असतो. बाहेरून येणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि खरा पासवर्डच लागतो, हे मला कुठे ठाऊक? तो पासवर्ड ह्यांनी किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला सापडला, तूरडाळीच्या खाली!

ओव्या वर ऐकू आल्या, पण सूनबाईला लिहिता येईना. फोल्डरला परवानगी नुसती ‘रीड’ची होती. सगळ्या जगाला मोकळीक न देता तेवढ्या एका खात्याला ‘रीड-राइट’ दिलं आणि काम झालं.

तर मैत्रिणींनो, असं अडलं की दिसेल ते बटण दाबत सुटू नका. यंत्र सापडत नसेल तर वायफाय, ‘प्रायव्हेट’ आणि पत्ता पाहा. पासवर्ड नाकारला तर पिन घातला नाही ना, ते बघा. उघडलं पण लिहिता येत नसेल तर परवानगी तपासा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गुण कशाने आला ते कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून स्वतःचाच आवाज ऐकून सासूबाईंनी मान वर केली. “ही कोण गं गातेय?” मी म्हटलं, “तुम्हीच की!” त्या हसल्या आणि पुढची ओवी म्हणू लागल्या. ती मुद्रणात नव्हती. मी वही ओढली.