स्टिअरिंग काढून उतरायचं

रॅलीच्या जिप्सीत शिरताना ड्रायव्हरचे हाल नॅव्हिगेटरपेक्षा जास्त होतात. दारात रोलकेजचे आडवे पाइप, मांड्या दोन्हीकडून धरून ठेवणारी बकेट सीट, डोक्यावर हेल्मेट, मानेला आधार देणारं हान्स. आणि हे सगळं ओलांडून आत गेलं की पोटाशी स्टिअरिंग. मी नॅव्हिगेटर. माझ्यासमोर फक्त डॅशबोर्ड आणि मांडीवर पेसनोट्सची वही. आमचा ड्रायव्हर उंच आणि अंगानं भरलेला. स्टेजमध्ये टायर फुटला, तर मी मागून जॅक काढून लावायला घेईपर्यंत तो अजून स्टिअरिंगखालून गुडघा सोडवत असायचा. म्हणून गाडीला क्विक रिलीज, म्हणजे झटकन काढता येणारं स्टिअरिंग बसवायचं ठरलं. नियमानं ते आमच्या गाडीला लागत नव्हतं. नुसती सोय, असंच तेव्हा वाटत होतं.

पुण्यात गाडीचा कुठलाही सुटा भाग हवा असला की पाय नाना पेठेकडे वळतात. तिथे आणि ऑनलाइन जे दिसलं त्यात चकचकीत माल भरपूर. लाल, निळे, जांभळे हब, बाजूला दोन बटणं, दोन्ही अंगठ्यांनी दाबली की स्टिअरिंग सुटतं. दिसायला झकास. पण आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धांचे नियम ज्या एफआयएच्या पुस्तकात आहेत, त्याच्या ‘अपेंडिक्स जे’मध्ये क्विक रिलीज कसं असावं हे स्पष्ट दिलंय. स्टिअरिंगच्या मागे, त्याच्याच मध्यावर बसलेली गोल कडी हवी, तिचा रंग पिवळा आणि टिकाऊ हवा, आणि ती आपल्याकडे सरळ ओढली की स्टिअरिंग सुटलं पाहिजे.

ड्रायव्हरला हे पटेना. “मला माहितीये ना बटण कुठंय,” हा त्याचा मुद्दा. पण गाडी उलटल्यावर किंवा झाडावर गेल्यावर स्टिअरिंग काढणारा तूच असशील कशावरून? तो मार्शल असेल, डॉक्टर असेल, शेतातून धावत आलेला एखादा माणूस असेल. धुरळ्यात आणि घाईत त्याला एकच गोष्ट दिसायला हवी, की पिवळी कडी आहे, ती ओढायची. हे सांगितल्यावर त्यानं बटणांचा हट्ट सोडला. पिवळ्या कडीचं, आत स्प्लाइनच्या खाचा असलेलं आम्ही घेतलं. किंमत त्या रंगीत मालाच्या जवळजवळ तिप्पट.

खाचांचा फायदा दुहेरी. स्वस्त हबमध्ये पुष्कळदा षटकोनी तुकडा षटकोनी भोकात बसतो. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासून कडा झिजतात आणि थोड्याच दिवसांत स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. डांबरी रस्त्यावर एवढा प्ले चालूनही जाईल. खडीच्या स्टेजवर मात्र पुढची चाकं काय करताहेत ते ड्रायव्हरला हाताच्या तळव्यातून कळतं, आणि मधे डुगडुगणारा सांधा आला की कळतं ते चुकीचं. दुसरं असं की आमच्या सेटमध्ये एक खाच बाकीच्यांपेक्षा रुंद आहे. त्यामुळे स्टिअरिंग एकाच जागी बसतं. घाईत एक घर चुकून वाकडं बसायची भीती नाही.

पैसे देण्याआधी एक काम केलं, ते मला आजही सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्टिअरिंगच्या दांड्यावर आधी बॉस हा जोडतुकडा बसतो, त्यावर क्विक रिलीज, त्यावर व्हील. प्रत्येक तुकडा स्टिअरिंगला छातीकडे ढकलत आणतो. रॅलीवाल्यांना आवडतं ते खोलगट व्हील लावलं तर ते अजून नव्वद मिलिमीटर पुढे येतं. आम्ही पुठ्ठ्याची तेवढ्याच उंचीची नळी करून जुन्या स्टिअरिंगवर चिकटवली आणि ड्रायव्हरला पट्टे आवळून बसवलं. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. इथे त्याच्या कोपराखालचा भागच कडेवर येत होता. मग खोलगट व्हीलचा नाद सोडला, कमी उंचीचा बॉस घेतला, साडेतीनशे मिलिमीटर व्यासाचं सपाट व्हील घेतलं आणि सीट एक भोक मागे सरकवली. त्याहून लहान व्हील घ्यायचा प्रश्नच नव्हता. आमच्या जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नाही. लहान व्हीलवर दोन स्टेज चालवल्या की दंड भरून येतात.

बसवण्याचं काम गॅरेजवाल्या चाचांनी केलं, मी हाताखाली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, पुढची चाकं अगदी सरळ केली. हॉर्नचं पॅड उचकटून मधला नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. चार-पाच आटे तसेच ठेवले. मी विचारलं तर म्हणाले, “जोर लावून ओढायचं, ते एकदम सुटायचं आणि थोबाडावर यायचं. दात कोण देणार?” दांड्यावर आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून घेतली आणि पुलर लावला. दांड्यावर हातोडी मारायला त्यांनी साफ मनाई केली, खालच्या बेअरिंगची वाट लागते म्हणून. एका मित्रानं क्विक रिलीज थेट दांड्याला वेल्डिंग करून घ्यायचा सल्ला दिला होता. ते मलाच पटलं नव्हतं. स्टिअरिंगच्या दांड्याला वेल्डिंगची आच देणं मला मान्य नाही.

बॉस खाचांत बसला, टॉर्क पान्यानं नट आवळला. मग व्हीलचे सहा काउंटरसंक बोल्ट. सत्तर मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा भोकं, हे माप स्पार्को, ओएमपी, मोमो या सगळ्या कंपन्यांच्या व्हीलना चालतं. नार्डीचं माप चौऱ्याहत्तर. हे बोल्ट लहान असतात, एलन की जोरात फिरवली की डोकं खराब होतं. म्हणून समोरासमोरचे जोडीनं, थोडे थोडे आवळले. थ्रेडलॉक लावलं आणि वर मार्करची रेघ. बोल्ट ढिला होऊ लागला तर रेघ तुटते, सर्व्हिसमध्ये बॅटरी मारून नुसतं बघितलं तरी कळतं.

हॉर्न सोडता येत नाही. एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत रॅलीची गाडी सार्वजनिक रस्त्यावरून जाते, तिथे सगळे नियम लागू. स्टिअरिंगवर वायर नेली तर दर वेळी काढताना तिचा विचार करावा लागणार. म्हणून हॉर्नचं बटण माझ्या पायाशी, फूटरेस्टवर बसवलं. तेव्हापासून बैलगाडी, म्हैस, एसटी यांच्याशी बोलणं माझ्याकडे आहे. ड्रायव्हरला ते अजून आवडलेलं नाही.

त्याच दिवशी चावीचं स्टिअरिंग लॉकही निकामी केलं. उतारावर इंजिन बंद पडलं, घाबरून कुणी चावी मागे फिरवून काढली आणि लॉक बसलं, तर गाडी सरळ दरीत. क्विक रिलीज लावलं म्हणून हा धोका जात नाही.

स्पर्धेआधीच्या स्क्रुटिनीत अधिकाऱ्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवलं, खच्चून ओढलं, कडी ओढून काढलं, परत बसवलं, पुन्हा ओढलं. तीच सवय आम्ही लावून घेतली. स्टिअरिंग बसवलं की खट्ट आवाज येतो, पण आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. ओढून बघायचं. ड्रायव्हर ओढतो आणि “लॉक” म्हणतो, तेव्हाच मी वही उघडतो. हेल्मेट आणि हातमोजे घालून, डोळे मिटून काढण्या-घालण्याचा सराव त्यानं गॅरेजमध्ये केला.

धुरळ्याबद्दल चाचांचं म्हणणं खरं ठरलं. क्विक रिलीजच्या आतल्या बॉलला ग्रीस फासायचं नाही, कारण ग्रीसला माती धरते आणि कडी जड होते. फडक्यानं पुसायचं, सुकं वंगण मारायचं, बस. आता राहिला प्रश्न काढलेलं स्टिअरिंग ठेवायचं कुठे. ड्रायव्हरचं उत्तर ठरलेलं, माझ्या मांडीवर. मी केजच्या पाइपला एक हूक लावून घेतला.

पुढे एका दगडाळ स्टेजमध्ये मागचा टायर गेला, तेव्हा ड्रायव्हर माझ्याआधी खाली होता. आणि गाडी थोडी पुढे ढकलायची वेळ आली तेव्हा स्टिअरिंग आधी परत लावलं. फॉर्म्युला वनमध्ये गाडी सोडून जाणाऱ्या ड्रायव्हरला स्टिअरिंग परत बसवावं लागतं ते याचसाठी, गाडी हलवणाऱ्याला ती वळवता आली पाहिजे.

चहाच्या टपरीवर काखेत स्टिअरिंग घेऊन उभं राहिलं की पोरं जमतात. “दादा, माझ्या गाडीला बसेल का?” हा प्रश्न हमखास. बसेल, पण बसवू नका. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती स्टिअरिंगच्याच पोटात असते. क्विक रिलीज लावायचं म्हणजे ती काढून छातीसमोर धातूचा गोळा बसवायचा. आमच्या गाडीत तो चालतो, कारण सहा ठिकाणी बांधलेले पट्टे, बकेट सीट आणि हान्स आहे. तुमच्याकडे तीन टोकांचा एक पट्टा आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे मूळ बदल करू देत नाही. चोरीच्या भीतीनं स्टिअरिंग काढता यावं असं वाटत असेल तर बाजारात मिळणारं स्टिअरिंग लॉक घ्या, आणि एअरबॅग जिथे आहे तिथेच राहू द्या.