इनुविकमधले बैठे घर

कॅनडात, आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या इनुविक गावी आम्ही एक विकाऊ बैठे घर पाहायला गेलो. तीन लहान खोल्या, खाली खांब. घराच्या उबेने तळची कायम गोठलेली जमीन वितळली तर घर खचते, म्हणून ही तजवीज. पाण्याचे नळही जमिनीवरूनच, उबदार पेट्यांतून येतात.

घरवाले दक्षिणेला निघालेले. भाभी म्हणाल्या, "तुम्ही घेतलेत तर जुम्म्याची सफ तुटणार नाही."

इथली मशीद २०१० साली विनिपेगहून ट्रक आणि बार्जवरून सुमारे ४,००० किलोमीटर आली. नमाजी मात्र इथेच राहायला हवेत.

असरची नमाज तिथेच पढलो. कोकणात पश्चिमेला तोंड करणारे आम्ही, इथे जवळजवळ उत्तरेकडे वळलो. नमाजनंतर इसाराची रक्कम दिली.