आधी घर काढा

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की लघवी केशरी होते. तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग. त्यानं अपाय काहीच होत नाही. पण आधी कुणी सांगितलेलं नसेल, तर माणसाला वाटतं की रक्त पडतंय, आणि तो गोळ्या गुपचूप बंद करतो. सहा महिन्यांचा उपचार असा पहिल्याच आठवड्यात तुटू शकतो. अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू पुढे दाद देईनासे होतात, आणि मग दुखणं फार लांबतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असताना मी हे रोज तोंडानं समजावून सांगत असे. ते चित्रांच्या गोष्टीतून सांगायला मला शिकवलं एका पेंटरकाकांनी. माझ्या डॉक्टरकीवर त्यांचं मोठं ऋण आहे.

काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम आटलं. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, एवढंच उरलं. टीबी झाल्यावर ते आमच्याकडे आले. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं असतात. त्यांतल्या इथॅम्ब्युटॉलचा क्वचित नजरेवर परिणाम होतो. दिसणं धूसर होतं, लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. तसं काही जाणवलं तर लगेच या, असं मी त्यांना बजावलं. त्या दिवसापासून काका रोज सकाळी रंगाचे दोन डबे उघडून उजेडात धरू लागले. नजर शाबूत राहिली. पण पुढच्या खेपेला त्यांनी मला विचारलं, "डॉक्टरीणबाई, माझ्यापाशी डबे हायेत. घरातल्या बाईनं काय बघायचं?" उत्तराची वाट न बघता त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर काढूनही दाखवलं : चुलीपाशी बसलेली बाई, एका हातात हिरवी मिरची, दुसऱ्या हातात लाल.

आमच्या ओपीडीत फुप्फुसांचं एक मोठं, रंगीत चित्र लावलेलं होतं. ते काकांना पटेना. "ही फुप्फुसं कुणाची? ह्यात माणूस कुठाय?" असं त्यांनी विचारलं. मग औषध घेऊन झालं तरी ते बाकावर बसून राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारायचे. घरात खिडकी आहे का, गोळ्या कुठं ठेवता, रात्री खोकला आला तर कोण जागं होतं, जेवायला कोण शेजारी बसतं. मी औषधांचा क्रम, त्यांचे परिणाम आणि तपासण्या सांगायची. काका म्हणायचे, आधी घर काढू, मग रोग. त्यातून एका सुनेची गोष्ट उभी राहिली. चौकटी मोजक्या, वाक्यं तिथल्या बोलीतली. केशरी लघवी बघून दचकलेली सून, गोळ्यांनी आलेली मळमळ, महिन्याभरात बरं वाटू लागल्यावर "आता कशाला गोळ्या?" म्हणणारा नवरा, आणि भिंतीशी वेगळं मांडलेलं तिचं ताट. झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या प्रती काढल्या आणि आशाताईंनी त्या वाड्या-वस्त्यांवर नेल्या.

त्या कागदांनी काय केलं, ते एका मुलीमुळे मला नीट उमगलं. नवीन लग्न झालेली, मान खाली घालून बसलेली. कशीयेस विचारलं की "बरी हाय", गोळ्या घेतेस का विचारलं की "व्हय". मी चित्रं तिच्यापुढे ठेवली आणि खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले. ती चौकटीमागून चौकट बघत गेली आणि वेगळ्या ताटावर बोट ठेवून थांबली. बोलली काहीच नाही. मी बाहेर थांबलेल्या नवऱ्याला आणि सासूबाईंना आत बोलावलं. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. नियमित औषधानं काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका खूप उतरतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर पदर धरा, पण तिला पंगतीत घ्या, हे सगळं मी त्या चित्रावरूनच सांगितलं. सासरच्या माणसांविषयी तक्रार करायला त्या मुलीच्या तोंडी शब्द येणं अशक्य होतं. बोट ठेवायला मात्र तिला जागा मिळाली होती.

पुढे शिकागोत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं मला 'टेकिंग टर्न्स' हे पुस्तक पाठवलं. २०१७ साली निघालेलं हे चित्रपुस्तक एम. के. सर्वीक या परिचारिकेचं आहे. शिकागोतल्या इलिनॉय मेसॉनिक रुग्णालयात एचआयव्ही-एड्सच्या रुग्णांसाठी ३७१ क्रमांकाचा कक्ष होता. १९९४ पासून तो बंद होईपर्यंत त्यांनी तिथे काम केलं. ज्यांना हात लावायलाही लोक कचरत, त्यांच्या उशाशी बसलेल्या सिस्टर आणि डॉक्टर त्या पानांवर दिसतात. वेल्समधले डॉक्टर-व्यंगचित्रकार इयन विल्यम्स यांनी २००७ साली आजारपण आणि उपचार चित्रांतून सांगण्याच्या या प्रकाराला 'ग्राफिक मेडिसिन' हे नाव दिलं होतं. पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी इथे डॉ. मायकल ग्रीन वैद्यकीय विद्यार्थ्यांना कॉमिक्स वाचायला आणि काढायलाही शिकवत होते. ब्रायन फाइज यांनी आपल्या आईच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची चित्रकथा २००४ पासून इंटरनेटवर प्रसिद्ध केली होती. तिला पुढच्याच वर्षी आयस्नर पुरस्कार मिळाला. आजारपण घरातल्या माणसांना कसं दिसतं, ते तिच्यात आहे.

हे सगळं वाचताना मला काकांचाच प्रश्न ऐकू येत होता : ह्यात माणूस कुठाय? सर्वीकबाईंची आणि माझी कधी भेट नाही, काकांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. पण दोघांनी रुग्णाकडे एकाच जागेवरून पाहिलं. पुस्तक दाखवलं तेव्हा काकांनी इंग्रजी मजकुराला हात न लावता ते पानामागून पान पाहिलं आणि म्हणाले, "ही बाई पेशंटजवळ बसून काढती." मला त्या पुस्तकाची याहून खरी ओळख अजून करून देता आलेली नाही.

काका आता लेकीकडे पुण्याला असतात. सुनेची गोष्ट अजून चालू आहे, आणि आता मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी, तेही आम्ही चित्रांत काढलं आहे. नवे इंटर्न आले की मी त्यांना कोरा कागद देते आणि सांगते : औषध समजावण्याआधी या रुग्णाचं घर काढा. चित्र येत नाही, असं बहुतेक जण म्हणतात. रेघ वाकडी आली तरी चालेल, पण खिडकी अंदाजानं काढायची नाही. ती आहे की नाही, कुठल्या भिंतीला आहे, उघडते का, हे रुग्णालाच विचारायचं. त्या खिडकीपासून बोलणं सुरू होतं आणि मग ताटापर्यंत, नवऱ्यापर्यंत, बंद केलेल्या गोळ्यांपर्यंत जातं. विचारल्याशिवाय काढता येत नाही, हे मी काकांकडून शिकले. मी ते पुढच्यांना शिकवते, ते काकांचं नाव सांगूनच.