उभी वाट, आडव्या नद्या

नकाशा पुढ्यात घेतला की रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग अगदी सोपा वाटतो. डाव्या हाताला सह्याद्री, उजव्या हाताला समुद्र, दक्षिणेकडे तोंड करायचं आणि जात राहायचं. प्रत्यक्षात हा रस्ता सारखा तुटतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून बोळासारखा निघालेला, गाडीचे आरसे मिटायला लावणारा रस्ता एखाद्या वळणावर अचानक उताराला लागतो आणि त्याचं डांबर थेट पाण्याला भिडतं. समोर खाडी. पलीकडचं गाव इतकं जवळ, की दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांचे रंग ओळखू यावेत. पण रस्त्यानं वळसा घालून तिथं जायचं तर अख्खी दुपार खर्ची पडते. म्हणून या पट्ट्यात कुणाला अंतर विचारलं, तर किलोमीटरचा आकडा फारसा कुणी देत नाही. ‘मधे एक बोट लागेल, मग पोचलातच,’ एवढंच सांगतात.

आम्ही चौघं माघात निघालो. सुरुवात मात्र समुद्रापासून न करता डोंगरावरून केली. हा मास्तरांचा हट्ट. मास्तर म्हणजे आमचा कॉलेजपासूनचा मित्र. सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवतो आणि त्याला नावानं हाक मारणं आम्ही केव्हाच सोडून दिलंय. दुसरी डॉक्टरीण. नोकरीची पहिली वर्षं तिनं खाडीकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. तिसरा चिपळूणचा, म्हणून चिपळूणकर. गाडी त्याची, त्यामुळे गाडीत कुठलं गाणं लागायचं हा हक्कही त्याचाच. चौथा मी, पुण्यात बसून दुसऱ्यांची मुद्रितं तपासणारा. चौघांच्या सुट्ट्या जुळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एखादा पूल बांधून झाला असता, असं चिपळूणकर म्हणाला. पुलांचा विषय वाटेत सारखाच निघणार होता, त्याची ही नांदी.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाण्याची धार पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. भाविक ओंजळीनं तीर्थ घेत होते. मास्तरनं शेजारी उभं राहून बाटली भरली आणि आम्हाला वर्गात बसवलं. कृष्णा इथून पूर्वेला वळते आणि चार राज्यं, चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि शंभरएक किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. एका माहेरच्या दोघी. एकीला सगळा देश ओलांडायचा, दुसरीचं सासर हाकेच्या अंतरावर.

आम्ही सावित्रीच्या बाजूनं उतरलो. आंबेनळी घाटात डॉक्टरीण काच खाली करून बसली होती. वरच्या वळणांवर बोटं गारठवणारी हवा पोलादपूर जवळ आलं तशी कोमट झाली आणि स्वेटर एकेक करून मागच्या सीटवर पडले. उन्हात कड्याचे थर स्पष्ट दिसत होते. काळ्या पाषाणाचा एक पट्टा, मग वाळल्या गवताची पिवळी रेघ, मग पुन्हा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याची ही उतरंड. पानं गाळून बसलेल्या काटेसावरीला लाल फुलं लागली होती. महाडजवळ सावित्री रुंदावली. भरतीच्या पाण्यावर एकेकाळी इथपर्यंत गलबतं येत. माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर वरंध घाटानं भोरकडे चढायचा. आज महाडवरून जाताना कोणालाही बंदर आठवत नाही. आठवते ती २०१६ सालच्या ऑगस्टमधली रात्र, जेव्हा सावित्रीच्या पुरानं ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहनांसकट नेला.

हीच सावित्री पुन्हा भेटली ती बागमांडल्याच्या जेटीवर. तिथं तिला बाणकोटची खाडी म्हणतात. पलीकडे वेसवी. बोट पलीकडच्या काठाला होती आणि तिला यायची मुळीच घाई नव्हती. पाण्यात अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे होते, त्यांच्या माथ्यावर पक्षी बसलेले. आमच्यापुढे मासळीच्या बर्फाच्या पेट्या लादलेला टेम्पो, लग्नाला निघालेली एक जीप, शाळा सुटल्यावर घरी चाललेले दुचाकीवरचे गुरुजी, आणि वालाच्या शेंगांचं पोतं पायाशी ठेवून बसलेल्या एक आजी. आजींनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि ‘घाटावरचे का?’ असं विचारलं. चिपळूणकरानं दुखावल्या आवाजात आपलं गाव सांगितलं. ‘म्हंजे अर्धे घाटावरचेच,’ आजींनी निकाल दिला.

बोट टेकते तेव्हा पुढची लोखंडी फळी साखळ्यांवरून खाली येते आणि उताराच्या काँक्रीटवर करकरत घासते. त्या आवाजासरशी जेटीवरचे सगळे पेंगणारे जागे होतात. मग एक पोरगा पुढे येतो. वय जेमतेम विशीचं, पायात रबरी चप्पल, पण पुढची दहा मिनिटं सगळ्यांच्या गाड्या त्याच्या ताब्यात. ‘काटा, काटा, अजून काटा, सरळ, येऊ द्या, बास!’ गाडीला गाडी चिकटवताना त्याचा तळहात आरशापासून चार बोटांवर असतो आणि आरसा कशालाही लागत नाही. चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला की तो पुढच्या गाडीकडे वळतो. पाण्याला आणि चाकाला एकाच हातानं वागवणारं असं कसब मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्या जेटीवर तासाभराहून जास्त थांबलो आणि खरं बोलणं तिथं झालं. गाडीत माणसं पुढे बघत असतात. गाणी, खड्डे, जेवायचं कुठे, यापलीकडे विषय जात नाही. जेटीवर पुढे बघायला पाणी तेवढं होतं आणि फोनला रेंज नव्हती. चिपळूणकर कठड्यावर बसून, कुणी विचारलं नसताना, २०२१च्या जुलैमधल्या पुराचं बोलू लागला. पाणी कसं आलं ते आम्ही बातम्यांत पाहिलंच होतं. त्यानं सांगितलं ते नंतरचं. आईला शेजाऱ्यांच्या मदतीनं माळ्यावर चढवलं होतं; ती अजून तळमजल्यावर झोपत नाही. घर विकायचं म्हटलं की वडील ताटावरून उठतात. मास्तरला पुराची सगळी कारणं ठाऊक होती: अतिवृष्टी, भरतीची वेळ, गाळानं उथळ झालेलं पात्र. त्यानं त्यातलं एकही सांगितलं नाही. खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून चिपळूणकराच्या हातावर ठेवली.

बोटीत मी म्हणालो, पूल झाला की ही गंमत जाईल. डॉक्टरीण वळली. ‘गंमत तुझी. तू वर्षा-दोन वर्षांतून येणार. रात्री शेवटची बोट गेल्यावर अडलेली बाळंतीण जीपमध्ये घालून वळसा घेऊन बघ. मी घेतलाय. रस्ताभर ती माझा हात धरून होती आणि पलीकडचे दिवे सारखे दिसत होते.’ यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पूल व्हायलाच हवेत. सागरी महामार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर ते बांधायचं ठरलंही आहे. गुरुजींनी मान डोलावली आणि इतक्या वर्षांत ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द किती वेळा ऐकला ते हिशेबासकट सांगायला सुरुवात केली.

पुढे वेळास आलं, तिथं कासवांची घरटी सांभाळतात. केळशी, आंजर्ले मागं पडलं. हर्णैला संध्याकाळच्या लिलावात सुरमईच्या ढिगाभोवती माणसांचं कडं आणि त्यामागे पाण्यात सुवर्णदुर्ग. पण डोक्यात राहिलं ते दाभोळ. जुनं नामांकित बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकीतीन हा रशियन व्यापारी परतीच्या वाटेवर इथूनच जहाजात चढला. आता जेटीजवळ जुनी घुमटाची मशीद आहे आणि धोपाव्याला जाणारी फेरीबोट. ही खाडी वाशिष्ठीची, म्हणजे चिपळूणकराच्या नदीची. बोट मधोमध आली तसा मास्तर म्हणाला, ‘हे पाणी कोयनेचंही आहे.’

आम्हाला वाटलं, मास्तर चळला. कोयना महाबळेश्वराहून निघते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते, हे शाळेपासून पाठ. पण धरण झाल्यावर तिचं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं गेलं. पोफळीच्या भूमिगत वीजघरात ते चक्रं फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीत येतं. साठच्या दशकापासून हे चाललंय. कोयनेनं पूर्वेला कृष्णेबरोबर जायचं, तिचं पाणी आमच्या बोटीखालून अरबी समुद्राकडे चाललं होतं. याच पाण्यामुळे वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती राहते. चिपळूणकर नुसता बघत राहिला. ‘आमच्या नदीत तुमची नदी आहे, हे मला चाळिशीनंतर कळतंय,’ तो म्हणाला.

गुहागरला पोचल्यावर मास्तरनं गाडीच्या धुळकट बॉनेटवर बोटानं रेघ ओढली. एक लांब उभी रेघ, हा आपला रस्ता. मग तिला छेदणाऱ्या आडव्या रेघा. बाणकोट, महाड, वरंध घाट, भोर. दाभोळ, चिपळूण, कुंभार्ली, कऱ्हाड. जयगड, संगमेश्वर. जैतापूर, राजापूर, अणुस्कुरा, कोल्हापूर. प्रत्येक रेघ म्हणजे एक बंदर, त्याची नदी आणि तिच्या डोक्यावरचा घाट. मीठ आणि सुकी मासळी या रेघेनं वर जायची, धान्य आणि गूळ खाली यायचा. श्रीवर्धनचे भट वर चढले आणि पेशवे झाले; पुढं शाळा-कचेऱ्यांसाठी कितीक घरं अशीच चढली. शेकडो वर्षं या मुलखाची सगळी ये-जा आडवी होती. खाडीपलीकडच्या गावाशी नसेल इतकी ओळख चार मुक्कामांवरच्या घाटमाथ्याशी. आपण मात्र हा मुलूख उभा कापायला निघालो होतो, लाकूड नसांच्या विरुद्ध कापावं तसा, म्हणून ठायी ठायी अडत होतो.

ते ऐकून मला आमचंच नवल वाटलं. चाळिशी ओलांडलेली माणसं आपापल्या ओहोळानं वाहत असतात: नोकरी, मुलांच्या परीक्षा, आईबापांची औषधं, हप्ते. त्या दिशेनं कुठं अडायला होत नाही. रोजचा उतारच आपल्याला नेतो. मित्राकडे जायचं म्हणजे या सगळ्याला आडवं जायचं. तिथं उतार नाही, तयार रस्ता नाही. फोन करायचा, तारखा मोडायच्या, पुन्हा धरायच्या, काठावर बसून पलीकडून बोट सुटायची वाट पाहायची. ते करायचं राहून गेलं की दोन गावं समोरासमोर असूनही एकमेकांना परकी होतात.

तवसाळहून जयगडला पुन्हा बोट, ही शास्त्री नदीची खाडी. मग केशवसुतांचं मालगुंड. त्यांचा जन्म इथला, १८६६चा. शेवट हुबळीला, १९०५ साली प्लेगात. तेही असेच घाट चढून गेलेले. आरे-वारेच्या चढावर पायथ्याशी फेसाची किनार दिसली आणि वर सडा लागला. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. चिरेखाणीत यंत्राची पाती फिरत होती आणि जमिनीतून वड्या पाडाव्यात तसे लाल चिरे निघत होते. धुळीनं कामगारांच्या भुवया तांबूस झाल्या होत्या. हा जांभा मुळात कुठून आला? मास्तरनं सांगितलं, आंबेनळीत पाहिलात त्याच काळ्या पाषाणाच्या जातीचा. ऊन-पावसानं लक्षावधी वर्षं त्यातलं विरघळेल ते धुऊन नेलं, लोह मागं राहिलं आणि गंजलं. किनारा आणि डोंगर म्हणून आपण दोन वेगळी चित्रं मनात लावतो. दगडाच्या दृष्टीनं ती एकाच घराण्यातली दोन वयं आहेत.

रत्नागिरीहून परतीला आंबा घाट धरला. आता आम्ही आडव्या रेघेवर होतो. काजळी नदी रस्त्याशी लपाछपी खेळत सोबत होती. साखरपा गेलं, घाट लागला, मोहोराचा वास मागं पडून जंगलाचा ओला गारवा आला. कुठं बोट नाही, काटा-काटा नाही, आजी नाहीत. रेंजही आली. माझ्या लक्षात आलं, गाडीत कुणीच बोलत नव्हतं. डॉक्टरीण रिपोर्ट उघडून बघत होती, मास्तर उत्तरपत्रिकांचा निरोप वाचत होता, मी घरी कळवत होतो, आणि चिपळूणकरानं लावलेलं गाणं कुणी ऐकत नव्हतं. ज्या दिशेला वाहायचं तिकडे वाहायला लागलो होतो.

कोल्हापुरात मिसळीच्या टेबलावर मी हे सांगितलं. पूल झाले की आपल्याला अडवायला कोणी उरणार नाही, खाडी हे काम इतकी वर्षं फुकट करत होती, आता थांबायचं तर आपलं आपल्यालाच ठरवावं लागेल. मास्तरला ते पटलं. त्यानं लगेच पुढच्या वेळी एकच नदी मुखापासून उगमापर्यंत चढायची योजना मांडली. चिपळूणकरानं वाशिष्ठीच घ्यायची अशी अट घातली, आईच्या हातचं जेवण आणि माळ्यावर झोपायची सोय यांसह. डॉक्टरीण रस्सा वाढून घेत म्हणाली, ‘पुलाची एवढी धास्ती नको घेऊस. रात्री-अपरात्री गाडी जायची ती जाईल. आपल्याला काय, पुलाच्या अलीकडे चहाची टपरी असतेच.’