रात्री दोनची शिफ्ट

आमच्या ओझरला सुखोई उडालं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. आमचं बाळ त्या आवाजातही झोपायचं. उठायचं ते रात्री दोनला. तेव्हा मी उठून बसायचो आणि बायकोकडे नुसता बघत राहायचो. 'दूध काही मी पाजू शकत नाही,' या वाक्यामागे मी आरामात लपलो होतो. शिकणार तरी कुणाकडून? माझं बारसं आईच्या माहेरी झालं. सव्वा महिन्यानं आई परत आली, तोवर बाबांची ड्युटी चालूच होती.

अकराव्या दिवशी बाळाला बघायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "सारखं रडतंय. अंगावरचं पुरत नसेल, वरचं सुरू करा." बायको काही बोलली नाही. मी बाइक काढली आणि मेडिकलमधून पावडरचा डबा घेऊन आलो. बग दिसला, फिक्स केला.

"म्हणजे तुलाही वाटतं, मला दूध कमी आहे?" तिनं विचारलं.

डबा न उघडता आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मलाच विचारलं, "दिवसभरात लंगोट किती ओले होतात?" मला माहीत नव्हतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय, त्या म्हणाल्या. बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. गरज नसताना दिलेली बाटली ही मागणीच कमी करते. आणि आईवर ताण असेल, तर पान्हा लवकर फुटत नाही.

वजन वाढलं होतं. पावडर वाईट नसते. काही बाळांना ती लागते. त्या दिवशी मात्र ती माझ्या घाबरण्याला लागली होती.

कायद्यानं बायकोला २६ आठवड्यांची रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. म्हणून मी माझी शिफ्ट ठरवली. रात्री बाळाला उचलून तिच्याकडे देणं, उशी लावणं, पाण्याचा तांब्या भरून ठेवणं, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोटांची नोंद ठेवणं.

आणि पाहुण्यांना उत्तर देणं. मावशी पुन्हा आल्या, तेव्हा तिच्याआधी मीच बोललो, "वजन छान वाढतंय मावशी. सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाहीये."

आत बायकोनं बाळाला कूस बदलून घेतलं. त्या रात्री दोनला तिनं मला हाक मारली नाही. मी आधीच उठलो होतो.