कष्ट आणि कंटाळा

साठी उलटलेल्या मनुष्यानें संगणकावरील खेळांविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यास आपले विषय आपण निवडण्याचें स्वातंत्र्य फारसें नसतें. घरांत चार मुलें असलीं म्हणजे त्यांचे खेळ डोळ्यांसमोर चालणारच. आणि आयुष्यभर वर्गांतील मुलांचे चेहरे वाचण्याची संवय जडलेल्या शिक्षकाचें लक्ष खेळाकडे न जातां खेळणाऱ्याकडे जातें, हेंही ओघानेंच आलें.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं या खेळांवरून मोठा वाद माजला. नातू नववींत, संस्कृत घेतलेला. शब्दांचीं रूपें पाठ करावयास बसला कीं दहा मिनिटांत जांभया देई. आणि हाच मुलगा खेळांतील एक कडा चढतांना वीस वेळां पडला, तरी एकविसाव्या वेळीं उत्साहानें उठे. आमच्या ज्येष्ठ बंधूंचें म्हणणें, तें यंत्र कपाटांत घालून कुलूप लावावें. सूनबाईंचें म्हणणें, मुलास संस्कृत झेपत नसेल तर सोडूं द्यावें. दोन्ही पक्ष निवाड्यासाठीं मजकडे आले. मीं निवाडा लांबणीवर टाकला, आणि आठ दिवस नातवाशेजारीं बसून त्याचा खेळ पाहिला. मग त्या खेळाचा इतिहासही धुंडाळला.

खेळाचें नांव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेक्नर नामक अमेरिकन तरुणानें तो प्रथम १९८९ सालीं ‘ॲपल टू’ या संगणकासाठीं तयार केला. राजपुत्राचें धांवणें व उडी मारणें खरें वाटावें म्हणून त्यानें आपल्या धाकट्या भावास धांवावयास लावून त्याचें चित्रीकरण केलें, आणि एकेक चित्र गिरवून संगणकांत उतरविलें. त्या यंत्राची स्मृति इतकी तोकडी, कीं आज मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रही तींत मावणार नाहीं. राजपुत्रास प्रतिस्पर्धी हवा, पण नवी आकृति ठेवावयास जागा नाहीं! तेव्हां मेक्नरनें राजपुत्राच्याच आकृतीपासून एक छायापुरुष निर्माण केला. तो आरशांतून बाहेर पडतो. त्यास मारलेला घाव राजपुत्रासच लागतो. आणि अखेर तलवार म्यान करून त्याच्याशीं एकरूप व्हावें लागतें. दारिद्र्यांतून अशी सुंदर कल्पना निघालेली पाहून मला मोठा संतोष वाटला.

पुढें चित्रांची प्रगति झपाट्यानें झाली. १९८९ ची सपाट आकृति २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ या भागापर्यंत खोली घेऊन त्रिमित झाली होती. २०१८ पासून तर प्रकाशकिरण कोठें आदळून कसा परततो याचें गणित खेळ चालू असतांनाच करणारीं चित्रयंत्रें घरगुती संगणकांत येऊं लागलीं. लोकांची दृष्टि प्रथम चित्रावरच जाते. २००३ चा तोच खेळ नव्या रूपांत पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत तयार होत असल्याचें २०२० सालीं जाहीर झालें, तेव्हां पाहणाऱ्यांनीं चित्रांनाच नांवें ठेविलीं. पुढें २०२२ मध्यें तें काम मॉन्ट्रिअलकडे सोंपविण्यांत आलें.

परंतु मला महत्त्वाची वाटली ती दुसरी प्रगति, जी चित्रांत दिसत नाहीं. मूळ खेळांत राजकन्येच्या सुटकेस साठ मिनिटें असत. राजपुत्र खड्ड्यांत पडला कीं बहुधा त्या मजल्याच्या आरंभापासून पुन्हां चालावयाचें. घड्याळ मात्र थांबत नसे. २००३ मध्यें राजपुत्रास एक खंजीर मिळाला. त्यांतील वाळूच्या बळावर कांहीं क्षण काळ मागें फिरवितां येई, आणि पडण्याच्या जरा आधीं जाऊन उडी पुन्हां मारतां येई. वाळूही मोजकीच असे. उडी जितकी अवघड तितकीच राहिली. गेली ती फक्त मागची रखडपट्टी. २००८ च्या भागांत याच्याही पुढें जाऊन, प्रत्येक पडण्याच्या वेळीं सोबतीण हात देऊन वांचवी. तेव्हां खेळ फारच सोपा झाला, अशी कित्येक खेळाडूंनींच कुरकुर केली. २०२४ च्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्यें तर देखावा पुन्हां मूळ खेळासारखा एका बाजूनें दिसणारा केला आहे, पण अडलेल्या जागेचें चित्र काढून नकाशावर टांचून ठेवण्याची सोय आहे. त्यामुळें कोठें अडलों होतों, हें आठवीत भटकावें लागत नाहीं.

यावरून माझा निवाडा ठरला. न येणारी गोष्ट येईपर्यंत करणें हे कष्ट. आलेली गोष्ट शिक्षा म्हणून पुन्हां पुन्हां करणें हा कंटाळा. मूल कष्टांस भीत नाहीं, कंटाळ्यास भितें. सप्तमीला अडखळलेल्या मुलास प्रथमेपासून परत पाठविणें म्हणजे मजल्याच्या आरंभीं नेऊन सोडणें होय. म्हणून नातवास मी षष्ठीपासून उचलूं लागलों. जेथें अडला तें रूप एका वहींत त्याच्याच हातानें लिहवून ठेवूं लागलों. दुसऱ्या दिवशीं आरंभ त्या वहीपासून. संस्कृत सुटलें नाहीं, कारण उडीच काढून टाकली तर चढण्याची गोडीही जाते. यंत्रास कुलूपही लागलें नाहीं. खेळास रोजचीं साठ मिनिटें ठरलीं. बंधू म्हणाले, “अरे, हे तुझे नवे लाड आहेत.” मीं म्हटलें, “दादा, दिवाळीपर्यंत पाहूं.”

दिवाळीस नातवानें बंधूंसमोर बसून दहा शब्दांचीं सर्व विभक्तींतील रूपें म्हणून दाखविलीं. मध्यें दोनदां अडला, एकदां जांभईही दिली. बंधू कांहीं बोलले नाहींत. परंतु दुसऱ्या दिवशीं धाकट्या नातीस पाढे म्हणावयास बसविलें, तेव्हां ती सातांच्या पाढ्यांत चुकल्यावर त्यांनीं तिला पहिल्या ओळीवर परत नेलें नाहीं. कोणतें पुनरावर्तन कष्टांचें आणि कोणतें कंटाळ्याचें, हें कोणत्याही क्रमिक पुस्तकांत छापलेलें नसतें. तें मुलाशेजारीं बसूनच पाहावें लागतें.