पाक मिट्टी

भोपाळच्या आरिफनगरात माझी खाला राहायची. समोरच बंद कारखान्याची भिंत. 1984च्या डिसेंबरातल्या वायूतून ती वाचली; पुढं त्याच जमिनीचं पाणी प्यायली. गल्लीतला हातपंप लाल रंगवलेला, म्हणजे पाणी पिऊ नका. पण टँकर आला नाही की बायका तिथंच हंडे भरायच्या.

एकदा वजूला पाणी नव्हतं. मी म्हटलं, "खाला, तयम्मुम करून घे." ती हसली. "बेटा, उसके लिए पाक मिट्टी चाहिए. वो कहाँ से लाऊँ?"

जानेवारी 2025मध्ये 337 टन कचरा 12 कंटेनरांतून पीथमपूरला नेला, जूनअखेर जाळून झाला. नातेवाइकांचे फोन आले, सुटलं एकदाचं भोपाळ! कसलं सुटलं? तो शेडमध्ये पोत्यांत भरून ठेवलेला कचरा. कारखान्याच्या आवारात पुरलेला, बाहेरच्या तळ्यांत ओतलेला जागच्या जागी राहिला. माती खणून काढावी लागेल, धुवावी किंवा तापवावी लागेल, भूजल उपसून गाळावं लागेल. वर्षानुवर्षांचं काम.

खाला तेव्हा नव्हती. तिला मिट्टी देताना, मूठ भरली आणि माझा हात क्षणभर तसाच राहिला. मागचे लोक थांबले होते.